दुसरा रकाना

१

निवृत्त झाले की माणूस रिकामा होतो, हे बाईंना मुळीच मान्य नव्हते. एका मोठ्या रुग्णालयाच्या औषधखिडकीमागे त्यांनी तेहतीस वर्षे उभ्याने काढली होती. आता खिडकी सुटली होती, उभे राहणे मात्र सुटले नव्हते. सकाळी साडेसहाच्या ठोक्याला त्या मागच्या व्हरांड्यातल्या लांब टेबलापाशी हजर असत. टेबलावर रोपांचे ट्रे असत, चाळलेल्या मातीची बादली असे, आणि एका कडेला जलरंगांची डबी, तीन कुंचले व जाड कागदाच्या कापून ठेवलेल्या चिठ्ठ्या. व्हरांड्याच्या तीन पायऱ्या उतरल्या की बाग.

बाईंची चिठ्ठी म्हणजे नावापुरती खोचलेली काडी नव्हे. चिठ्ठीच्या डाव्या अंगाला त्या झाडाचे इवलेसे चित्र असे. टोमॅटोच्या तांबड्यात डोकावणारा पिवळा साधण्यासाठी त्यांनी एकदा अख्खा रविवार घालवला होता आणि त्याचा त्यांना यत्किंचितही पश्चात्ताप नव्हता. उजव्या अंगाला नाव, तारीख, आणि त्याखाली दोन रकाने: ‘केले’ आणि ‘तपासले’. रंग वाळला की चिठ्ठीवर मेण घासायचे, म्हणजे पाण्याने ती बिघडत नाही, आणि मगच ती ट्रेमध्ये खोचायची.

हे दोन रकाने औषधखिडकीमागूनच आले होते. तिथे एकाने औषध भरायचे आणि दुसऱ्याने तपासायचे. दोन्ही रकान्यांत खुणा पडल्याखेरीज पुडी बाहेर जात नसे. शिवाय एक शिस्त होती, जी कुठल्याही भिंतीवर लिहिलेली नव्हती. दुसरा तपासू लागला की भरणाऱ्याने पाठ फिरवून उभे राहायचे. भरणाऱ्याचा चेहरा समोर असला की तपासणाऱ्याला भीड पडते, आणि औषधाच्या कामात भीड ही भिकेची नव्हे, थेट मरणाची बहीण असते. बाईंनी तेहतीस वर्षांत एकदाही मागे वळून पाहिले नव्हते.

घरी पहिल्या रकान्यात बाई शाईने स्वतःची बारीक, उभट खूण करीत. दुसरा रकाना रिकामा राही.

“भरायचा नाही तर आखता कशाला?” कुंपणापलीकडचे शिंपी मास्तर विचारत. तेही निवृत्त झाले होते आणि त्यांनी भोपळ्याचा एकच वेल फार गाजावाजा करून वाढवला होता.

“तुम्ही शर्टाला सगळ्यात वरचं बटण लावता ना, मास्तर? ते कोण लावून घेतं?”

“कुणीही नाही.”

“मग लावता कशाला?”

मास्तर हसत आणि भोपळ्याकडे वळत.

या सुखाला एकच गालबोट होते. गेल्या हिवाळ्यात बाईंनी रक्तदाबाची गोळी एकाच दिवशी दोनदा घेतली होती. ज्यांनी आयुष्यभर लोकांच्या गोळ्या मोजल्या, त्यांनीच. घेवड्याच्या वाफ्यात त्या कोसळल्या, मास्तरांनी पाहिले, म्हणून वाचल्या. त्यानंतर लेक आली. लेक इमारतींच्या लिफ्ट तपासण्याचे काम करी. तिने आरडाओरडा केला नाही. ती शांतपणे म्हणाली, “आई, आणखी एक चूक. एकच. मग तू माझ्याकडे राहायला यायचंस, आणि त्यावर वाद घालायचा नाही.”

लेकीचा फ्लॅट अकराव्या मजल्यावर होता. तिथे माती म्हणून जी काही होती, ती बुटांच्या तळव्यांना लागून येई, तेवढीच.

२

त्या मंगळवारी ऊन कोवळे होते आणि बाई खुशीत होत्या, कारण टोमॅटोच्या साठही बियांना कोंब फुटले होते. चिठ्ठी सरळ करावी म्हणून त्या वाकल्या आणि तशाच राहिल्या.

‘तपासले’ या रकान्यात बरोबरची खूण होती.

पेन्सिलीची, फिकट, डावीकडे झुकलेली. तिची शेपटी रकान्याच्या रेषेला टेकून बरोबर थांबली होती, जशी शिस्तीच्या माणसाची थांबते.

बाईंनी चष्मा पुसला. नखाने खूण खरवडून पाहिली. नखात मेण आले, खूण तशीच राहिली. ती मेणाच्या खाली होती.

याचा अर्थ सरळ होता. मेण बाईंनीच घासले होते, म्हणजे खूण त्याआधीची, म्हणजे बाईंचीच. रंगवता रंगवता हाताच्या सवयीने होऊन गेली असेल. हा युक्तिवाद निर्दोष होता, आणि त्याचीच त्यांना भीती वाटली. आपण केलेले आपल्याला आठवत नाही, एवढेच त्यातून सिद्ध होत होते.

त्या कुंपणापाशी गेल्या.

“मास्तर, काल तुम्ही आमच्या व्हरांड्यात आला होता का?”

“तुमच्या फाटकाची कडी काढायला दोन माणसं आणि एक हातोडा लागतो, बाई. मी कसला येतोय?”

“माझ्या चिठ्ठीवर कुणीतरी पेन्सिलीने खूण केली आहे.”

“मग मी सुटलो. मी जन्मभर खडूने खुणा केल्या. पेन्सिल माझ्या कानालाही शोभत नाही.” मग ते जरा थांबले. “चुकीची केली आहे का?”

“नाही,” बाई म्हणाल्या. “बरोबरची आहे.”

“मग तक्रार कसली?”

बाई परत टेबलापाशी आल्या. संध्याकाळी लेकीचा नेहमीचा फोन आला तेव्हा त्या टोमॅटोच्या कोंबांबद्दल भरभरून बोलल्या. खुणेबद्दल मात्र त्यांनी अवाक्षर काढले नाही.

३

शुक्रवारपर्यंत सगळ्या ट्रेंवर खुणा झाल्या. झेंडूवर, मिरचीवर, सूर्यफुलावर. फक्त वाटाण्याचा रकाना कोरा होता.

पहिल्या दिवशी बाईंना हायसे वाटले. दुसऱ्या दिवशी त्या ट्रेपाशी जरा रेंगाळल्या. तिसऱ्या दिवशी त्यांना राग आला, आणि तो राग फार जुन्या ओळखीचा होता. खिडकीमागे आपली पुडी खुणेविना परत सरकवली गेली की यायचा, तोच.

“काय खोट आहे माझ्या वाटाण्यात?” त्या मोठ्याने म्हणाल्या आणि बोटाने माती उकरली.

वाटाणे नव्हतेच. पहिल्या कप्प्यात नव्हते, दुसऱ्यात नव्हते, चोविसाव्यातही नव्हते. बाईंनी चिठ्ठी रंगवली होती, शेंगेच्या पोटावरची चकाकीसुद्धा साधली होती, पहिल्या रकान्यात खूण केली होती, आणि बी पेरायलाच त्या विसरल्या होत्या. नऊ दिवस त्या नुसत्या मातीला पाणी घालीत होत्या.

त्या पायरीवर बसल्या. आपण चुकतो आहोत, हे आता उघड होते. पण त्या दुःखाच्या पाठोपाठ दुसरी एक गोष्ट हळूच येऊन बसली. आपली चूक कुणाच्या तरी लक्षात येते आहे.

त्यांनी वाटाणे पेरले, चोवीसच्या चोवीस, हाताने दाबून. पाणी दिले. मग स्वयंपाकघरात जाऊन चहा टाकला आणि तो उभ्यानेच प्यायल्या, व्हरांड्याकडे पाठ करून. पाठ कुणी फिरवायला सांगितली नव्हती. ती आपोआप फिरली.

वीस मिनिटांनी त्या बाहेर आल्या. खूण झाली होती. मेणाच्या खाली, डावीकडे झुकलेली, शेपटी रेषेला टेकवून.

बाईंच्या अंगावर काटा आला. आणि त्याच क्षणी त्यांना गुणगुणावेसे वाटले. या दोन गोष्टी एकाच देहात कशा नांदतात, याचे त्यांना नवल वाटले. पण गुणगुणणे काही थांबले नाही.

४

त्यानंतरचे तीन महिने हे निवृत्तीनंतरचे सर्वांत आनंदाचे महिने होते, हे बाई पुढे निःसंकोचपणे कबूल करीत.

त्यांनी चिठ्ठ्यांचा पसारा वाढवला. गॅसच्या बटणाखाली एक चिठ्ठी लावली, तिच्यावर निळ्या ज्योतीचे चित्र. पाण्याच्या नळावर एक, पुढच्या दारावर एक. गोळ्यांच्या चौदा घरांच्या डबीवर तर त्यांनी अर्धा सूर्य आणि अर्धा चंद्र काढला: सकाळची पांढरी गोळी, संध्याकाळची पिवळी. चिठ्ठ्या रोज नव्या. दुसरा रकाना भरला की निश्चिंत व्हायचे. नाही भरला तर शोधायचे. एकदा गॅस मंद पेटलेला राहिला होता. एकदा पिवळी गोळी डबीत न पडता बाहीच्या घडीत अडकली होती. दोन्ही वेळा रकाना कोरा होता आणि दोन्ही वेळा बाई हसल्या.

बागेनेही मनावर घेतले. झिनिया फुलल्या. सूर्यफुले कुंपणावरून मास्तरांच्या अंगणात डोकावू लागली. आपल्या भोपळ्यावर नजर ठेवायला बाईंनी पहारेकरी नेमले आहेत, असे मास्तर म्हणू लागले.

“घर आहे की दवाखाना?” चिठ्ठ्या पाहून त्यांनी एकदा विचारले.

“दवाखान्यात इतकी चांगली चित्रं नसतात.”

“ते खरं. पण बाई, तुम्ही हल्ली बोलता कुणाशी? दुपारी आवाज येतो.”

“मी कुठे बोलते?”

“बोलणं नाही म्हणा. टकटक. पाच वेळा. मग थांबतं. मग पुन्हा पाच.”

बाईंच्या हातातली झारी वाकडी झाली आणि पाणी त्यांच्याच पायांवर पडले.

तो आवाज त्यांनीही ऐकला होता; पण आपल्याच कानांत तेहतीस वर्षे साठलेला आवाज तो, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली होती. गोळ्या मोजताना पातळ पट्टीने पाच-पाच गोळ्या तबकाच्या कडेला सरकवतात. सराईत हाताला एक लय असते: पाच, विराम, पाच, विराम. दुपारी दोनच्या लख्ख उन्हात, शेजघरात आडवे पडले की ती लय व्हरांड्यातून येई. फरक एवढाच होता की ती गोळ्यांची नव्हती. रोपांची होती. कोवळ्या देठांना काहीतरी स्पर्श करीत जात असावे, कारण बाई बाहेर आल्या की वारा नसतानाही एकाच ट्रेमधली रोपे डुलत असत, डावीकडून उजवीकडे, ओळीने.

त्या उठून बसत, तेव्हा लय थांबत नसे. त्या दाराकडे तोंड करीत, तेव्हा मात्र थांबे. मध्येच. तीनवर किंवा चारवर. त्या अपुऱ्या मोजणीनंतरची शांतता इतकी ताटकळलेली असे की बाई ओशाळून पुन्हा भिंतीकडे वळत. मागे कुणीतरी पहिल्यापासून मोजायला सुरुवात करी.

आपण चौकशी का करीत नाही, असे त्यांनी स्वतःला विचारले. उत्तर प्रामाणिक होते. पाहिले आणि तिथे काही नसले, तर चूक बाईंच्या डोक्यात आहे. पाहिले आणि तिथे काही असले, तर त्याला भीड पडेल. दोन्ही परी नुकसान बागेचेच होते.

५

लेक रविवारी आली, हातात टॉर्च आणि खिशात नट आवळायचे छोटे पाने घेऊन. तिने गॅस पाहिला, नळ पाहिले, दाराच्या कड्या पाहिल्या. पायऱ्यांवर पाय आपटून पाहिला. ज्या नजरेने ती लिफ्टचे लोखंडी दोर पाहत असे, त्याच नजरेने तिने आईला पाहिले. मग ती बागेत गेली, टोमॅटो तोडून तिथेच खाल्ला आणि हनुवटीवरून ओघळणारा रस मनगटाने पुसला, सहा वर्षांची असताना पुसायची तसा.

“आई, तुझं घर माझ्या लिफ्टपेक्षा चोख आहे गं.”

“हे तू लेखी देशील का?”

“देईन की. पण चिठ्ठ्यांचं काय हे वेड? आणि दोन-दोन खुणा कशाला?”

बाई टोमॅटो निवडू लागल्या. लेकीने ताणले नाही. ती कामाला लागली. “तू बस. या आठवड्याच्या गोळ्या मी भरते. मलाही काहीतरी करू दे.” तिने चौदा घरे भरली, नव्या चिठ्ठीवर पहिल्या रकान्यात हौसेने मोठी खूण केली, आणि डबी व्हरांड्यातल्या टेबलावर नेऊन ठेवली, कारण ती तिथेच ठेवायची असते, असे आईने सांगितले होते.

दोघी जेवल्या. हसल्या. मास्तरांच्या भोपळ्याची यथेच्छ निंदा झाली. भांडी विसळून होईपर्यंत तास उलटला. बाई डबी आणायला गेल्या आणि दारातच थबकल्या.

दुसरा रकाना कोरा होता.

त्यांनी घर न् घर उघडून पाहिले. गुरुवारी सकाळी पांढरी होती आणि गुरुवारी संध्याकाळीही पांढरी. गेल्या हिवाळ्यातली चूक, जशीच्या तशी. फक्त या वेळी हात लेकीचा होता.

बाईंनी डबी तिच्यासमोर ठेवली. लेकीने पाहिले आणि तिचा चेहरा उतरला.

“मी... आई, मी दोनदा मोजल्या होत्या.”

“मोजल्या असशील. चौदा आहेतच. रंग चुकला.”

“तू घेतली असतीस म्हणजे.”

“घेतली नसती.”

“तुला कळलं कसं? तू उघडूनही पाहिली नव्हतीस. आधी चिठ्ठी पाहिलीस, मग उघडलीस. मी बघत होते.”

तपासनीसाची लेक नव्हे, तपासनीसच ती. तिने चिठ्ठी उचलली, गॅसखालची चिठ्ठी काढली, दोन्ही शेजारी धरल्या. “ही पेन्सिलीची खूण तुझी नाही. कोण करतं?”

‘मीच’ असे म्हणणे सोपे होते. एका शब्दात बाग वाचली असती. पण आपल्याच पुडीवर आपणच दुसरी खूण करणे, हे एकच पाप बाईंनी आयुष्यात केले नव्हते, आणि आता तोंडानेही ते त्यांना करवेना.

“मला माहीत नाही,” त्या म्हणाल्या. “मी कधी पाहिलं नाही. मी पाठ करून उभी राहते.”

मग त्यांनी सगळे सांगितले. वाटाण्याचे, मेणाचे, दुपारच्या लयीचे. सांगताना आवाज कापला नाही, याचा त्यांना अभिमान वाटला. सांगून झाले तेव्हा बाग आपल्या हातून गेली, हे त्या मनाशी धरून चालल्या होत्या. अकरावा मजला. खिडकीतून दिसणाऱ्या खिडक्या.

लेकीने गुरुवारची गोळी बदलली, डबी टेबलावर ठेवून आली आणि म्हणाली, “दाखव. कसं उभं राहायचं?”

६

दोघी स्वयंपाकघराच्या ओट्याशी, व्हरांड्याकडे पाठ करून, खांद्याला खांदा लावून उभ्या राहिल्या. समोर खिडकी होती, खिडकीत सूर्यफुले. ऊन इतके स्वच्छ होते की भिण्यासारखे त्यात काही मावले नसते.

“किती वेळ?” लेक पुटपुटली.

“गप्प उभी राहा.”

टक्, टक्, टक्, टक्, टक्. विराम.

लेकीचा श्वास अडकल्याचे बाईंना खांद्यातून कळले.

पुन्हा पाच. विराम. मग चार. बाईंनी मनात बेरीज केली. चौदा, बरोबर. कागदावरून पेन्सिल सरकल्याचा अगदी पुसट आवाज आला. आता संपायला हवे होते.

टक्.

हा आवाज निराळा होता. टेबलावरचा नव्हता. दाराच्या चौकटीच्या अलीकडचा होता. बाई ताठ झाल्या. त्यांची मान वळली नाही, मोडली असती तरी वळली नसती. पण लेकीला कुणी ती शिस्त शिकवलेली नव्हती, आणि जे आवाज करते ते पाहायचे, हाच तिचा धंदा होता. तिने मागे पाहिले.

बाईंना फक्त ओट्यावरच्या स्टीलच्या पातेल्याची गोल बाजू दिसत होती. तिच्यात लेकीचा वाकडा चेहरा होता, दार होते, आणि दारात फिकट रंगाचे काहीतरी, जे फार खाली वाकलेले होते. माणूस लहान अक्षर वाचायला वाकतो, तसे.

एवढेच. मग लेकीने मान फिरवली, अतिशय सावकाश, आणि आईचा हात धरला. तिचा तळवा थंड होता.

“आई,” ती खिडकीकडे पाहत म्हणाली, “दोघं आहेत.”

“दोघं?”

“एक मोजतंय. दुसरं त्याच्या मागे, पाठ करून उभं आहे.”

बाईंच्या तोंडून सुस्कारा निघाला, आणि तो सुटकेचा होता. पद्धतशीर काम होते म्हणायचे. मोजणारा तपासतो आणि पाठ करणारा करतो. मग विचार पुढे सरकला आणि सुस्कारा अर्ध्यावर थांबला.

“पाठ केलेल्याने काय केलं आहे मग? काय तपासायला दिलं होतं? डबी तर तू भरलीस.”

“डबी मोजून झाली होती,” लेक म्हणाली. “ते आपल्याकडे बघून मोजत होतं, पाठ केलेल्याने जणू आपल्यालाच केलं असावं तसं.”

सूर्यफुलावर एक पाखरू उतरले, उडाले.

“खूण केली?” बाईंनी विचारले.

“तुझ्यावर केली. हवेतच, पेन्सिलीने. बरोबरची.”

“आणि तुझ्यावर?”

“माझ्यावर यायच्या आत मी मान फिरवली.”

७

अकराव्या मजल्याचा विषय पुन्हा निघाला नाही. लेकीनेच काढला नाही. आईचे बरोबर आहे, हे तिने पाहिले होते आणि पाहिलेले ती कधी नाकारीत नसे.

बाईंचे म्हणाल तर त्या इतक्या हलक्या झाल्या की मास्तरांनी कारण विचारले. “मी तपासून बरोबर निघाले आहे, मास्तर,” त्या म्हणाल्या. मास्तरांनी डॉक्टरांचे नाव विचारून घेतले, स्वतःलाही दाखवायला. त्या वर्षी बाईंनी भेंडी केली, गुलाबांवर कलमे बांधली, आणि रेशमी दोऱ्याने भरतकाम शिकायला घेतले. हात कापत नव्हता, झोप गाढ लागत होती.

आणि लेक आता दर रविवारी येते. सकाळी पहिल्या गाडीने, रिकाम्या हाताने. टॉर्च नाही, पाने नाहीत. गुडघ्यांखाली पोते घालून ती वाफ्यात बसते, नेहमी व्हरांड्याकडे पाठ करून, आणि जीव ओतून काम करते. तिचे हात मातीत आईपेक्षाही हळुवार झाले आहेत. दोघी गप्पा मारतात, एकमेकींच्या चुका काढतात, हसून हसून डोळे पुसतात. पाहणाऱ्याला वाटावे, या दोघींना जगात काही कमी नाही. आणि ते बहुतेक खरेच आहे.

फक्त मागे लय सुरू झाली की लेक बोलता बोलता थांबते. पाठ सरळ करते. मान तसूभर वळू देत नाही. पाच, विराम. पाच, विराम.

“आई,” ती ओठ न हलवता विचारते, “माझ्यापर्यंत आलं का गं?”

बाई तिच्या केसांतली माती झटकतात.

“येईल. तू बी खोल पेर.”